बाकाखालची गोळी

ती गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेव. दहांतल्या आठ संपल्यात. पट्टी सोमवारी उघडलेली, आज गुरुवार. चार दिवसांत आठ वेळा या वर्गात कुणाचं तरी डोकं दुखलं, आठही वेळा बाकाखालून हात पुढे आला, गोळी पाण्याशिवाय गिळली आणि विषय संपला. पुस्तकं मिटा. आजचा भूमितीचा तास यावर जाणार आहे. शनिवारी पालकसभा आहे, तिथेही मी हेच बोलणार आहे, कारण यातला निम्मा दोष तुमचा आणि निम्मा तुमच्या घरच्यांचा आहे.

पट्टी कुठून आली ते मला ठाऊक आहे. घरातल्या फळीवरून. आईचं डोकं उठतं, आजी कपाळाला फडकं आवळून बसते, बाबा बोटीवरून आले की चहाबरोबर दोन गोळ्या. लहानपणापासून हेच पाहिलंत, म्हणून डोकं दुखलं की गोळी, एवढंच तुम्ही शिकलात. कशामुळे दुखलं, हा प्रश्न तुमच्यापैकी एकानेही स्वतःला विचारलेला नाही. दहावीचा विद्यार्थी कारण न शोधता थेट उत्तर लिहितो, याचा मला खरा राग आहे.

पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाच. मोठ्याने. पॅरासिटामॉल. आता तुझ्या शेजारणीच्या दप्तरातली सर्दीची गोळी काढ आणि तीही वाच. तिच्यातही पॅरासिटामॉल. नाव वेगळं, रंग वेगळा, औषध तेच. दोन्ही एकाच दुपारी पोटात गेल्या की मात्रा दुप्पट, आणि ती निस्तरायची यकृताने. आयबुप्रोफेन उपाशीपोटी घेतली तर जठराच्या अस्तराला इजा होते, आणि तुमच्यातले कितीतरी जण उपाशीच शाळेत येतात. अ‍ॅस्पिरिन तर १६ वर्षांखालच्या मुलांनी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायचीच नाही. फ्लू किंवा कांजिण्यांच्या तापात ती घेतली तर क्वचित का होईना यकृत बिघडतं, मेंदूला सूज येते, आणि त्यातून मुलं दगावलेली आहेत. डेंग्यूच्या तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाऊस आत्ताच सरलाय. वाडीतल्या करवंट्यांत, गच्चीवरच्या टायरांत पाणी साचलेलं आहे. समोरच्याचा ताप डेंग्यूचा की साधा, हे बाकाखालून गोळी देणाऱ्याला कळतं का? मग कुठल्या अधिकाराने देता?

आणखी एक ऐका, कारण हे तुमच्या घरीही कुणी ऐकलेलं नसेल. ज्याला डोकेदुखीची सवय आहे त्याने महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी घेतली आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं, की ती गोळीच डोकेदुखीचं कारण होऊन बसते. कॅफिन आणि दोन-तीन औषधं एकत्र केलेली गोळी असेल तर महिन्याला १० दिवसही पुरतात. सकाळी डोळे उघडतानाच डोकं जड, गोळी घेतली की दुपारपर्यंत बरं, उतरली की पुन्हा दुखणं. हा वैद्यकात नोंदलेला वेगळा आजार आहे. त्यावरचा उपाय म्हणजे ती गोळी थांबवणं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण पहिले काही दिवस दुखणं वाढतं. तुमच्यापैकी ज्यांच्या आया रोज गोळी घेतात त्यांनी आज घरी गेल्यावर हे सांगायचं. भीत-भीत नाही, नीट बसून सांगायचं.

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. मेंदूभोवतीची आवरणं, तिथल्या रक्तवाहिन्या, कवटीवरचे आणि मानेचे स्नायू, डोळे, दात, नाकाच्या बाजूच्या पोकळ्या, हे सगळं दुखतं आणि तुम्ही त्याला डोकं दुखणं म्हणता. म्हणून कारण डोक्यातच असेल असं नाही. बऱ्याचदा ते पोटात असतं, मानेत असतं, आणि तुमच्या बाबतीत बहुतेक वेळा ते आदल्या रात्रीत असतं.

सकाळपासून सुरू करू. कोर्लईकडून येणारी मुलं पहिल्या एसटीने येतात. घरून निघताना काय खाल्लं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: चहा आणि टोस्ट. काहींचा फक्त चहा. रात्री आठला जेवलेल्या मुलाच्या पोटात दुसऱ्या दिवशी दुपारी मधल्या सुट्टीपर्यंत काही नसेल, तर रक्तातली साखर उतरणार आणि कपाळ धरणारच. तुमच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या होतात, घावन होतात, रात्रीचा भात असतो. एक भाकरी आणि रात्रीचं कालवण खायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं नाहीत, कारण उठायला उशीर, आणि उशीर का, ते पुढे बोलते. उपवासालाही हेच. श्रावणी सोमवार असो की नवरात्र, देव पाणी पिऊ नको म्हणत नाही. रोजा धरणाऱ्या मुलांनी सहेरी चुकवायची नाही, तेव्हा नुसता चहा पिऊन झोपायचं नाही, आणि इफ्तारीनंतर झोपेपर्यंत थोडं थोडं पाणी पीत राहायचं. रोज चार कप चहा पिणाऱ्याचा चहा एकदम सुटला तरी डोकं दुखतं. म्हणून रमजानच्या आधी आठवडाभर चहा कमी करत न्यायचा.

मुलींनो, तुमच्याशी वेगळं बोलायचंय आणि मुलांनी तेही ऐकायचंय. दर आठवड्याला शाळेत निळी गोळी देतात, लोहाची. ती तुमच्यातल्या काही जणी खिडकीतून बाहेर टाकतात. मागच्या भिंतीलगत मी स्वतः त्या पाहिल्यात. शौचाला काळी होते, मळमळतं, म्हणून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालंय. रक्त कमी असलं की जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि डोकं दुखतं. ज्या गोळीने मूळ कारण जातं ती फेकायची आणि ज्या गोळीने दुखणं चार तास झाकतं ती उसनी मागायची, हे मी खपवून घेणार नाही. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या. जेवणाला लागून चहा पिऊ नका, चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

आता पाणी. मुलींच्या बाटल्या मी दुपारी उचलून पाहते. सकाळी भरलेली बाटली तशीच परत घरी जाते. कारण मला माहीत आहे आणि तुम्ही ते सांगायला लाजता, म्हणून मीच सांगते. स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून तुम्ही पाणी पीत नाही. कडी लागत नाही, बादलीत पाणी नाही, वास येतो. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत पाण्याचा थेंब नाही, तोही ऑक्टोबरच्या उकाड्यात, जेव्हा या किनाऱ्यावर घाम अंगावरून वाळत नाही. डोकं दुखणार नाही तर काय होईल? आणि त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो तो वेगळाच. हा तुमचा दोष नाही. शाळेचा दोष आहे, आणि शनिवारी मी तो पालकांसमोर, मुख्याध्यापकांसमोर उभी राहून सांगणार आहे. कडी बसवायला आणि पाण्याची टाकी भरायला अनुदानाची वाट पाहायची नसते. केरळातल्या शाळांत पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा वाजते. आपल्याकडे उद्यापासून दुसऱ्या आणि चौथ्या तासानंतर ती मी वाजवीन. पण घंटा वाजल्यावर प्यायचं काम तुमचं. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय, एवढी एक खूण लक्षात ठेवा. घरी गेल्यावर शहाळं मिळतं, कोकम सरबत मिळतं, ताक मिळतं. त्यासाठी थंड पेयाची बाटली विकत आणायला नको.

उन्हाच्या डोकेदुखीला कुणी हलक्यात घेऊ नये. १६ एप्रिल २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात, खारघरच्या मैदानात, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो माणसं तासन्‌तास उन्हात बसली होती. उष्माघाताने १४ जीव गेले. आपल्या पट्ट्यातल्या किती घरांतून माणसं तिथे गेली होती, ते मी तुम्हाला सांगायला नको. ऊन माणसाला एकदम पाडत नाही. आधी डोकं ठणकतं, मळमळतं, पाय लटपटतात, पोटऱ्यांत गोळे येतात. तेव्हाच सावलीत जायचं, कपडे सैल करायचे, अंग ओलं करून वारा घ्यायचा, मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट प्यायचं. अंग तापलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला, की ते घरचं काम उरत नाही, दवाखान्याचं होतं. मे महिन्यात नागावला, काशिदला पर्यटकांच्या बनाना बोटीवर भर दुपारी उभी राहणारी मुलं या वर्गात आहेत. पैसे मिळतात, घराला मदत होते, मला कळतं. टोपी घालून उभं राहा, दर अर्ध्या तासाने पाणी प्या, आणि बारा ते तीन बोटीच्या मालकाला नाही म्हणायला शिका.

आता आदल्या रात्रीकडे येते. तुमच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. या वर्गात सहा तास झोपणारा मुलगा स्वतःला शहाणा समजतो. रात्री एक वाजता गटावर आलेल्या निरोपांना उत्तरं देणाऱ्यांची नावं मला ठाऊक आहेत, कारण तीच मुलं पहिल्या तासाला डोळे चोळत असतात. फोन उशाशी ठेवून झोपू नका. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, हा नियम घरातल्या मोठ्यांनाही लागू झाला पाहिजे. बाप एक वाजेपर्यंत रील बघत असेल तर मुलगा ऐकणार नाही, हे मी त्या बापालाच सांगणार आहे.

आणि सगळा दोष फोनचाही नाही. शुक्रवारी संध्याकाळी मांडव्याच्या जेट्टीवर मुंबईची गर्दी उतरते आणि आपल्या अर्ध्या गावाची झोप उडते. घरचं कॉटेज असेल तर रात्री बारापर्यंत पापलेट तळायचं, दोनपर्यंत पाहुण्यांना पाणी-बर्फ पोचवायचा, सकाळी पुन्हा पोहे. हे काम पंधरा वर्षांच्या मुलीकडून करून घेतात आणि सोमवारी तिचं डोकं दुखतं तेव्हा गोळी देऊन शाळेत पाठवतात. बंदरावर पहाटे तीनला मासळी उतरवायला जाणारी मुलं आहेत. हळदीच्या रात्री डीजेच्या भिंतीसमोर पहाटेपर्यंत नाचणारी तर सगळीच आहेत. हळद वर्षातून चार वेळा येते असं म्हणू नका. लग्नसराईत ती आठवड्यातून दोनदा येते. त्या आवाजाने डोकं दुखतं आणि कान कायमचे जातात. घरच्या धंद्याला हातभार लावू नका असं मी म्हणत नाही. पण वेळ ठरवा. दहानंतर शाळेत जाणारं मूल कामाला नको, ही अट मी शनिवारी प्रत्येक घराकडून मान्य करून घेणार आहे.

काही गोष्टी मी भरभर सांगते, कारण त्या तुम्हाला माहीत आहेत आणि तरी तुम्ही करत नाही. चष्मा लागलेल्यांनी चष्मा नाकावर ठेवायचा. दप्तरात ठेवलेल्या चष्म्याने फळा दिसत नाही. फळ्याकडे बघताना जो डोळे बारीक करतो त्याने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा तपासणी टाळायची नाही. वेण्या घट्ट घातल्या की डोक्याची कातडी दिवसभर ताणलेली राहते आणि दुखते. त्या सैल घाला, रिबीन कशी बांधली यावरून मी कुणाला ओरडणार नाही. बंद खोलीत डासांची कॉइल लावून झोपू नका, मच्छरदाणी लावा. मान खाली घालून फोन बघणं थांबवा. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिताने मांडून दाखवलं की साधारण ५ किलोचं डोकं ६० अंश पुढे वाकलं की मानेच्या मणक्यांवर २७ किलोपर्यंत भार येतो. आज भूमिती शिकवली नाही, पण हा कोन एवढा लक्षात ठेवा. मानेमागून निघून कपाळाला पट्टा बांधल्यासारखं जे दुखतं, ते बहुतेक या ताठरलेल्या स्नायूंचं आणि मनावरच्या ताणाचं असतं. त्यावर औषध म्हणजे उठणं, चालणं, संध्याकाळी पुळणीवर तासभर खेळणं.

आता तुम्ही सगळे खाली बघा, कारण पुढचं बोलणं मला रागाने बोलायचं आहे. या वर्गातल्या एका मुलीला तुम्ही नाटकी म्हणता. परीक्षा आली की हिचं डोकं दुखतं, असं म्हणून मागचा बाक हसला. तिला अर्धशिशी आहे. डोक्याच्या एका बाजूला घण बसल्यासारखं ठणकतं, कधी दोन्ही बाजूंना. उजेड सहन होत नाही, आवाज सहन होत नाही, उलटी होते. काहींना दुखण्याआधी डोळ्यांसमोर वेड्यावाकड्या चमकत्या रेषा दिसतात. मोठ्यांत एक झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो, मुलांत तो लवकरही संपतो. ही मेंदूतल्या मज्जासंस्थेची व्याधी आहे, घराण्यातून उतरते, आणि वयात आल्यावर बायकांना पुरुषांच्या साधारण तिप्पट प्रमाणात होते, पाळीच्या दिवसांत जास्त. ताण आला की येते, आणि ताण सरला की परीक्षेनंतरच्या सुट्टीतही येते. हे पाहिलं असतंत तर नाटक म्हणाला नसतात. झटका आला की तिला अंधाऱ्या, शांत खोलीत आडवं होऊ द्यायचं. शिक्षकांच्या खोलीची चावी मी तिला देऊन ठेवलीय. डॉक्टरांनी तिला दिलेलं औषध दुखणं सुरू होताच, ठरलेल्या मात्रेत घ्यायचं असतं. तिथे उशीर करायचा नसतो. तिच्या औषधाची आणि तुमच्या बाकाखालच्या गोळीची बरोबरी मी होऊ देणार नाही. झटके वारंवार येत असतील तर ते येऊच नयेत म्हणून रोज घ्यायची औषधंही असतात. म्हणून आई, मावशी, आजी, ज्यांना वर्षानुवर्षं ‘डोकं उठण्याची खोड’ आहे, त्यांना एकदा तरी डॉक्टरांकडे न्या. खोड नाही ती.

कपाळाला सुंठेचा लेप लावा, बाम चोळा, आजी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढत असेल तर काढू दे, तिचं प्रेम आहे त्यात. पण डाग देणाऱ्याकडे, चटके देणाऱ्याकडे कुणाला नेलंत असं कळलं तर मी त्या घरी येईन. आणि काही खुणा अशा आहेत की त्यात एक मिनिटही घालवायचं नाही. आयुष्यात कधी झालं नाही असं भयंकर दुखणं एका क्षणात सुरू होणं. ताप, आणि मान एवढी ताठ की हनुवटी छातीला टेकत नाही. झोपेतून उठवणारं दुखणं, रोज सकाळी उलटी. एकाचे दोन दिसणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, आकडी येणं. दुचाकीवरून पडून डोक्याला मार बसल्यावर काही तासांनी वाढत जाणारी डोकेदुखी. आणि या दिवसांत, भातकापणीला शेतात, चिखलात उतरल्यावर आलेला ताप, डोकेदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्या दुखणं. तो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस असू शकतो, त्याला वेळेत प्रतिजैविक मिळालं तर माणूस वाचतो. अशा वेळी १०८ ला फोन करायचा आणि अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठायचं.

आता वही काढा, नोंद ठेवायची आहे. नोंद कशी ठेवतात ते आधी ऐका. अलिबागला समुद्राजवळ चुंबकीय वेधशाळा आहे, तिच्यावरून तुम्ही शंभर वेळा गेला असाल. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद चालायची. विजेच्या ट्राम येणार म्हणताच तिथल्या नोंदी बिघडणार हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला लोखंड टाळून पोरबंदरी दगडाची इमारत उभी केली, आणि दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या, म्हणजे जुनी मालिका तुटू नये. तेव्हापासून तिथे नोंदीत खंड नाही. इतकी चिकाटी मी तुमच्याकडून मागत नाही. मला एक महिना हवा आहे.

मागचं पान उघडा, उभ्या रेघा मारा. तारीख. किती वाजता दुखायला लागलं, कुठे, किती वेळ. सकाळी काय खाल्लं. किती ग्लास पाणी. काल किती वाजता झोपलात. उन्हात किती वेळ. पाळीचा दिवस असेल तर एक खूण, ते पान मी सोडून कुणी बघणार नाही. गोळी घेतली तर कुठली, कुणी दिली. कुणाला सुकट खाल्ल्यावर दुखतं असं वाटतं, कुणाला उदबत्तीच्या वासाने. वाटतं ते लिहू नका, घडलं ते लिहा. महिन्याच्या शेवटी कारण तुमचं तुम्हालाच सापडेल, आणि डॉक्टरांकडे जायची वेळ आलीच तर हेच पान त्यांच्यापुढे ठेवायचं.

आजची ओळ आत्ताच भरा. खरी भरा. ज्यांनी सकाळपासून पाणी प्यायलेलं नाही त्यांनी आधी बाहेर जाऊन पिऊन यायचं, मग लिहायला बसायचं. आणि ती उरलेली दोन गोळ्यांची पट्टी माझ्याकडे राहील. ती घ्यायला आईला शनिवारी पाठव.